हिरवा ठिपका, कोरडी तोटी

मी अग्निशमन दलाचा नकाशा बोलतोय. भिंतीवर खिळ्याला टांगलेला, कडा पिवळ्या पडलेला तो नव्हे. तो माझा आजोबा, तो केव्हाच रद्दीत गेला. मी पडद्यावरचा नकाशा. कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर आणि बंबवाल्यांच्या मोबाइलमध्ये उघडणारा. पिण्याच्या पाण्याच्या पिंपामागे कॉम्प्युटरचं एक जुनं खोकं आहे, त्याचा पंखा सर्दी झाल्यासारखा सुरसुरत असतो. माझं बिऱ्हाड तिथं. सफाईवाला रोज त्या खोक्यावर ओलं फडकं वाळत घालतो.

कालच त्या खोक्यावर एक कागद चिकटवलाय : ‘अनधिकृत. काढून टाकणे.’ हा कागद चिकटवायला लावणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं, त्याला शिसारी म्हणतात. याहून सभ्य शब्द मी शोधलेला नाही आणि शोधणारही नाही.

माझा जन्म एका विटेमुळे झाला.

या दलात दोघं बहीणभाऊ नोकरीला आहेत. थोरला बंब चालवतो, त्याला सगळे बंबदादा म्हणतात. धाकटी कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटरची इंजिनियर. तिला नकाशाताई हे नाव पुढं माझ्यामुळेच चिकटलं. एकदा एका लाकडाच्या वखारीला आग लागली. बंबाच्या टाकीतलं पाणी ते किती पुरणार? ते संपायच्या आत रस्त्याकडेची तोटी गाठायची, तिला पाइप जोडायचा आणि पाण्याची धार चालू ठेवायची, ही कामाची रीत. कागदोपत्री या तोटीला हायड्रंट म्हणतात. बंबदादानं तोटी गाठली, पाइप जोडला, पाना फिरवला. आतून नुसती हवा आली, म्हाताऱ्यानं उसासा टाकावा तशी. लोकांना वाटलं, यांनाच काही येत नाही. गर्दीतून वीट आली. बंबदादाच्या डाव्या भुवईवर तिची खूण अजून आहे.

टाके घालून तो घरी आला तेव्हा ताई रडली नाही, भांडली.

“दादा, ती कोरडी आहे हे तुला माहीत नव्हतं?”

“मला कसं माहीत असणार? तोटीवर काय पाटी असते, ‘आज पाणी नाही, तसदीबद्दल क्षमस्व’?”

“मग कुणाला माहीत होतं?”

“पलीकडच्या केंद्रातल्या पोरांना. गेल्या महिन्यात ती पण तिथंच फसली होती.”

“आणि त्यांनी सांगितलं नाही कुणाला?”

“सांगितलं ना. त्यांच्या साहेबांना.”

झालं. ताईनं कुणीतरी टाकून दिलेलं ते खोकं मागून घेतलं, फुकट मिळणारी साधनं जमवली आणि सुटीच्या दिवशी भावाला पुढं घालून गल्ल्या पालथ्या घातल्या. ताई म्हणजे गरीब गाय नव्हे. आपलं तेच खरं म्हणणारी, वरिष्ठांना तोंडावर बोलणारी बाई. पण काम चोख. पाणी असलेली तोटी हिरवा ठिपका, कोरडी तोटी लाल ठिपका. बास, एवढाच माझा संसार.

पण नुसते ठिपके मारून नकाशा होत नाही. पाणी आज असतं, उद्या नसतं. म्हणून ताईनं दलात एक रीत पाडली : ‘येताना एक तोटी’. आग विझवून बंब परत येताना वाटेतल्या एका तोटीपाशी थांबायचं, पाना लावून उघडायची, आणि पाणी आलं की नाही ते मोबाइलवर दाबायचं. सुरुवातीला पोरांनी कुरकुर केली.

“ताई, आम्ही आग विझवायची का नळ तपासत हिंडायचं?”

“वीट खायची असेल तर नका तपासू. दादाला विचारा चव कशी असते.”

पुढं सवय जडली. कोण जास्त लाल शोधतो यावर पैजा लागू लागल्या. माझ्या अंगावरचा प्रत्येक ठिपका असा कुणाचे तरी बूट भिजवून, नाहीतर कुणाच्या तरी शिव्या खाऊन उमटलेला आहे. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

एकच ठिपका चुकीचा होता. बागेच्या दारातली तोटी ताईनं घाईघाईत बागेतल्या तळ्याच्या मधोमध ठेवली. सगळे बंबवाले हसून लोळले. “ताई, तिथून भरायला पाइप नको, बादली पुरेल!” ताईचा स्वभाव तुम्हाला सांगितलाच. हसलात ना, मग आता नाहीच बदलत, म्हणाली. बागेच्या दारात तोटी आहे हे सगळ्यांना पाठ होतं, तेव्हा बिघडलं काही नाही. तळ्यातली तोटी आमच्या घरातला विनोद होऊन राहिली.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल आपलंच घोडं दामटतोय. मी दिसायला ओबडधोबड. उघडायला वेळ लावायचो. ताई नणंदेच्या लग्नाला गेली तेव्हा मी बंद पडलो, आणि मला उठवायचं कसं हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. फोनवाल्या काकू, म्हणजे कंट्रोल रूममध्ये आगीचे फोन घेतात त्या, पार रडकुंडीला आल्या. तेव्हा मोठ्या साहेबांनी विचारलं, “उद्या ही बाई नोकरी सोडून गेली तर? नकाशा आपण सांभाळायचा की बाहेरच्या कंपनीकडून घ्यायचा?” प्रश्न रास्त होता. मोठे साहेब दलाचे प्रमुख, तो त्यांनीच विचारायला हवा होता. चांगल्या प्रश्नाची इतकी घाण करता येते, हे मात्र मला पुढं कळलं.

बैठक भरली. लांब टेबल, वर काच, काचेखाली कुठल्याशा जुन्या समारंभाचे फोटो, आणि खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. मला मोठ्या पडद्यावर लावलं. कंपनीतर्फे एक सल्लागार आला होता. बोलणं इतकं गोड की काकूंनी त्याचं नाव मधाळ ठेवलं.

मोठे साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, “हे लाल लाल काय आहे?”

“कोरड्या तोट्या, सर,” ताई म्हणाली.

“इतक्या? अहो, गोवर आल्यासारखं दिसतंय. बाहेरचे पाहुणे आले तर हे दाखवायचं का आपण?”

“पाहुण्यांना नका दाखवू, सर. बंबवाल्यांना दाखवा.”

मधाळ हसला. “मॅडमचं काम खरंच कौतुकास्पद आहे. एका व्यक्तीनं, घरगुती पद्धतीनं...” घरगुती हा शब्द त्यानं असा उच्चारला की माझ्यावर कुणीतरी ताट झाकावं असं मला वाटलं. “आम्हाला नमुन्यादाखल ही सगळी माहिती मिळाली, तर पुढच्या वेळी आमचा नकाशा दाखवतो.”

“त्यांचा नकाशा, मग माहितीही त्यांनीच गोळा करावी की,” ताई म्हणाली.

“देऊन टाका हो,” मोठे साहेब म्हणाले. “कोतेपणा बरा नव्हे.”

दिली. काही आठवड्यांनी पुन्हा तीच खोली, तीच काच, आणि पडद्यावर त्यांचा नकाशा. मी बघतच राहिलो. रस्ते लोण्यासारखे, अक्षरं टपोरी, बोट लावलं की इमारती उभ्या राहतात. आणि त्या सगळ्याखाली मीच होतो! माझीच हाडं, वर त्यांचं कातडं. फक्त माझे लाल ठिपके गेले होते. जिकडं बघावं तिकडं हिरवं, एखाद्या धनाढ्याच्या अंगणातल्या गवतासारखं.

“याला म्हणतात माहिती!” मोठे साहेब म्हणाले. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना हलवल्या. ज्यांनी माना हलवल्या, त्यांतल्या एकालाही आपल्या घराजवळची तोटी सांगता आली नसती.

ताई उठून पडद्याजवळ गेली आणि तिनं एका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “ही तोटी तळ्यात आहे.”

मधाळनं कागद चाळल्यासारखं केलं. “हो मॅडम. आमच्या सर्वेक्षणात ती तशीच आढळली.”

मागं बसलेला बंबदादा एवढ्या मोठ्यानं हसला की त्याला बाहेर जायला सांगावं लागलं.

“सर, ही माझी चूक आहे,” ताई म्हणाली. “तोटी बागेच्या दारात आहे. हा ठिपका मी चुकून तळ्यात टाकला. यांनी सर्वेक्षण केलेलं नाही, माझाच नकाशा रंगवून आणलाय.”

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मॅडम, स्वतःची चूक दुसऱ्याच्या माथी मारू नये. आणि त्यांचं सर्वेक्षण झालंय.”

चोर पकडला जातो तेव्हा चोराला लाज वाटते, असं आपण समजतो. इथं चोर शांतपणे पाणी पीत बसला होता आणि ज्यांचं घर फुटलं ते त्याला आणखी हवं का विचारत होते. पण मला खरी किळस आली ती यानंतर. कारण ताईनं राग गिळला आणि सरळ व्यवहाराचं बोलली.

“ठीक आहे, सर. बाहेरून घ्या. मी एकटी कुठवर पुरणार? दिसणं त्यांचं, चालवणं त्यांचं, नावही त्यांचंच लावा. फक्त ठिपक्याचा रंग बदलायचा हक्क बंबवाल्यांकडे ठेवा.”

बघा, किती छोटी मागणी. माझं अख्खं आयुष्य त्या मागणीत होतं. कोण बांधतो, कोण विकतो, याचं मला सोयरसुतक नव्हतं. मी गेलो असतो तरी चाललं असतं, रंग खरा राहायला हवा होता.

मधाळ म्हणाला, “मॅडम, आमच्या प्रणालीत तसा रंग नाही. हायड्रंट म्हणजे हायड्रंट. आणि कुणीही येऊन माहिती बदलायला लागलं, तर तिच्या शुद्धतेची हमी आम्हाला देता येणार नाही.”

“म्हणजे खरं लिहिलं की माहिती अशुद्ध होते?”

“पुढच्या आवृत्तीत विचार करू,” मधाळ म्हणाला. मोठ्या साहेबांनी तेच वाक्य इतिवृत्तात घ्यायला सांगितलं.

नव्या नकाशाचं उद्‌घाटन झालं. पडद्याला चिकटपट्टीनं फीत लावून ती कापण्यात आली. पडद्यावर कात्रीचा ओरखडा उठला, तो त्या नकाशावरचा पहिला खरा रस्ता. माझं बटण बंद केलं आणि खोकं पिंपामागं सरकवलं.

मग ‘येताना एक तोटी’ हळूहळू मेली. मारली कुणी नाही. कोरडी तोटी सापडली तरी दाबायचं कुठं? पोरं काकूंना सांगायची, काकू कंपनीला कळवायच्या, कंपनीकडून उत्तर यायचं : ‘आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.’ काकू म्हणायच्या, “एवढी मोलाची आहे की तिजोरीत ठेवलेली दिसते.” शेवटी पोरांनी थांबणं सोडलं. पाने बंबाच्या सीटखाली गंजले.

आणि एका दुपारी गादीवाल्याच्या कारखान्याला आग लागली.

खाली कापूस पिंजायचं यंत्र आणि शिलाईची मशीनं, वर त्याचं राहतं घर. काकूंनी बंब सोडला. बंबदादानं मोबाइल बघितला : गल्लीच्या तोंडालाच हिरवा ठिपका. त्याच तोटीला माझ्या अंगावर लाल होतं. पलीकडच्या केंद्राच्या पोरांनी तो लाल केला होता. बंबदादाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याच्यासाठीच तर मला जन्माला घातलं होतं. त्यानं गाडी तिथं लावली, पाइप अंथरला, पाना फिरवला.

हवा. तोच उसासा.

मागच्या रस्त्यावर भरपूर पाण्याची तोटी होती. ती सापडून पाइप गुंडाळून बंब वळवेपर्यंत कापसानं वरचं घर धरलं होतं. माणसं वाचली, घर गेलं. गादीवाल्याची बायको रस्त्यावर उशी पोटाशी धरून बसली होती. पळताना हाताला तेवढीच लागली. लोकांनी बंबदादाची कॉलर धरली. या वेळी वीट नव्हती, चपला होत्या.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष कोण? मोठे साहेब. तज्ज्ञ म्हणून कोण? मधाळ. मी खोटं बोलत नाही; माझ्याजवळ तेवढी कल्पनाशक्तीच नाही. समितीनं पडद्यावर हिरवा ठिपका बघितला आणि निष्कर्ष काढला : नकाशावर हिरवं आहे, अर्थात पाणी होतं, अर्थात चालकानं तोटी नीट उघडली नाही. बंबदादा निलंबित. अंतिम सुनावणीत नोकरीचा निकाल लागणार.

ताईनं पिंपामागं हात घालून माझं बटण दाबलं. मोबाइलवर मला उघडून ती समितीपुढं उभी राहिली. “हे बघा. लाल आहे.”

“ही अधिकृत प्रणाली नाही,” मधाळ म्हणाला.

“मग अधिकृत तोटी बघा. ती तर तुमच्या नकाशात आहे ना? चला, उघडून दाखवते.”

नाही कसं म्हणणार? समिती गाडीतून निघाली. मी ताईच्या मुठीत होतो, दुसऱ्या मुठीत पाना. गल्लीच्या तोंडाशी काळ्या भिंती, ओल्या राखेचा वास. गाडीतून कुणी उतरलं नाही. मोठ्या साहेबांनी काच तेवढी खाली केली. ताईनं पाना लावून अंगाचा भार टाकला. तोटी किरकिरली. आतून आधी एक कोळी बाहेर आला, मग थोडी माती, मग काहीच नाही.

“बघितलंत?” ताई म्हणाली.

मोठे साहेब विचार करून म्हणाले, “आज नाहीये. त्या दिवशी असेल.”

गादीवाला राखेतनं पुढं आला. “साहेब, माझं लग्न होऊन मुलगी कॉलेजात गेली. तेवढ्या काळात कधी या तोटीला पाणी बघितलं नाही मी.”

“तुम्ही हितसंबंधी आहात,” मोठे साहेब म्हणाले, आणि काच वर गेली.

बंबदादा फुटपाथवर बसला होता. बहिणीला म्हणाला, “जाऊ दे गं. कोळ्याची तरी साक्ष घेतील का बघ.” दोघंही हसली नाहीत.

त्या दिवशी ताईनं मला बंद केलं नाही. दलातल्या पोरांनी सीटखालचे पाने काढून तेलात घासले आणि कुणाला न विचारता ‘येताना एक तोटी’ पुन्हा सुरू केली. मला उठवायचं कसं, हे ताईनं या वेळी काकूंना आणि चार पोरांना शिकवलं. काकूंच्या समोर भिंतीवर अधिकृत हिरवळ, आणि टेबलाच्या खणात उघड्या मोबाइलवर मी.

आणि मग परवा सकाळी मोठ्या साहेबांच्याच इमारतीत आग लागली. खालच्या मजल्यावर, विजेच्या मीटरच्या खोलीत. काकूंनी बंब सोडला, तेवढ्यात साहेबांचा फोन. आवाज ओळखू येऊ नये इतका पातळ.

“काकू, बंब निघाला का? ऐका, ते जुनं बघा. आमच्या कोपऱ्यावरच्या तोटीला लाल आहे का हिरवं?”

काकू बाई सरळ, पण त्यांनाही मोह आवरला नाही. “साहेब, ते तर अनधिकृत आहे.”

“अहो, बघा हो आधी! पोरं घरात आहेत!”

काकूंनी खण ओढला. ठिपका लाल होता. कंपनीच्या अधिकृत नकाशात हिरवागार. काकूंनी बंबाला मागच्या रस्त्यावरची तोटी सांगितली, पाणी लागलं, आग मीटरच्या खोलीतच विझली. कुणाचं काही गेलं नाही. मला त्याचा आनंद आहे. पोरं कुणाचीही असोत.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता साहेब येतील, निदान बंबदादाचं निलंबन मागं घेतील. त्याऐवजी शिपाई आला, हातात डिंक आणि तो कागद. ‘अनधिकृत. काढून टाकणे.’ ज्याच्या आधारानं आपलं घर वाचलं, तो पुरावा म्हणून उभा राहू नये, एवढीच घाई. कागद वाचून काकू म्हणाल्या, “सुनावणीला मी येणार. साहेबांनी मला फोनवर काय विचारलं, ते त्यांच्या तोंडावर सांगणार.”

“काकू, तुमची नोकरी जाईल,” ताई म्हणाली.

“जाऊ दे. सून म्हणतेच आहे, घरी बसा म्हणून. माझ्यासारखी फोनवाली त्यांना बाहेरून आणू दे. तिला रंगही सगळे हिरवेच दिसतील.”

सुनावणी उद्या आहे. मला उचलायला माणसं त्याआधी येतात की नंतर, ठाऊक नाही. पंखा सुरसुरतोय, वर ओलं फडकं आहे, आणि अंगावर लाल ठिपके आहेत, सगळे खरे. मला वाचवा असं मी म्हणत नाही. माझ्यापेक्षा देखणे, वेगवान नकाशे असतात आणि ते जरूर विकत घ्यावेत. मागणं आहे ते बंबदादासाठी. ज्यानं पाना फिरवला, त्याचं ऐका. ज्यानं गाडीची काच वर केली, त्याचं ऐकू नका.

आणि तुमच्यापुढं कधी कुणी असा हिरवागार नकाशा मांडला, तर टाळ्या वाजवण्याआधी खुर्ची सोडा, रस्त्यावर उतरा आणि एक तोटी उघडून बघा. कुठलीही.

तळ्यातली ती तोटी त्यांच्या नकाशात अजून तिथंच आहे, हिरवी. तेवढ्या एका ठिपक्याखाली पाणी आहे याची खात्री मी देतो.